कारगिल १९९९ : ताबारेषेच्या अलीकडे लढलेलं युद्ध

२५ मे १९९९ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने हवाई दलाला कारगिलच्या लढाईत उतरायची परवानगी दिली. परवानगीसोबत एक अट होती : ताबारेषा, म्हणजे काश्मीरमध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्या ताब्यातले भाग वेगळे करणारी रेषा, ओलांडायची नाही. पायदळालाही तीच अट होती आणि ती शेवटपर्यंत उठली नाही. घुसखोर कुठून आले, त्यांची रसद कुठून येते, त्यांना आधार देणाऱ्या तोफा कुठे आहेत, हे सगळं कळूनही सैनिकाने किंवा विमानाने त्या रेषेपलीकडे जायचं नव्हतं.

या प्रकरणात आपण त्या एका अटीकडे पाहणार आहोत. ती का आली, तिच्यामुळे डोंगरावरची लढाई कशी बदलली, आणि जिच्यामुळे भारताचे हात बांधले गेले असं वाटत होतं तीच अट शेवटी पाकिस्तानच्या गळ्याशी कशी आली. दोन्ही बाजूंकडे अण्वस्त्रं असताना त्यांच्या फौजा समोरासमोर लढल्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत. १९६९ मध्ये उसुरी नदीवर सोव्हिएत संघ आणि चीन यांच्यात झालेल्या चकमकी हे एक, आणि कारगिल हे दुसरं. त्यातही आठवड्यांमागून आठवडे चाललेली, तोफखाना आणि विमानं घेऊन लढलेली लढाई म्हणजे कारगिलच.

डाव काय होता

मुश्कोह, द्रास, काकसर, बटालिक, तुर्तुक. सुमारे १६० किलोमीटरच्या या पट्ट्यात बर्फ पडला की दोन्हीकडच्या उंचावरच्या बऱ्याच चौक्या खाली येत आणि उन्हाळ्यात पुन्हा वर चढत. ही वर्षानुवर्षांची वहिवाट होती. १९९८-९९ च्या हिवाळ्यात पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीच्या तुकड्यांनी याच रिकाम्या धारांवर ठाणी मांडली, काही ठिकाणी रेषेच्या आठ-दहा किलोमीटर आतपर्यंत. योजना आखणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते : लष्करप्रमुख परवेझ मुशर्रफ, त्यांचे चीफ ऑफ जनरल स्टाफ मोहम्मद अझीझ खान, रावळपिंडीच्या १० व्या कोअरचे, म्हणजे अनेक डिव्हिजन मिळून झालेल्या मोठ्या सैन्यविभागाचे, कमांडर महमूद अहमद आणि उत्तरेकडच्या भागाचे कमांडर जावेद हसन. पाकिस्तानच्या हवाई दलाला आणि नौदलालाही आधी विश्वासात घेतलं नव्हतं.

उद्देश साधा होता. द्रास आणि कारगिलच्या वरच्या धारांवरून श्रीनगर-लेह महामार्ग उघडा दिसतो. तिथे बसून तोफखान्याला निशाणा सांगितला की लडाखची आणि सियाचिनची रसद आवळता येते. १९८४ मध्ये भारताने सियाचिनवर आधी पोचून जे केलं, त्याची ही परतफेड होती.

काळ पाहा. भारताच्या अणुचाचण्या ११ आणि १३ मे १९९८ रोजी झाल्या, पाकिस्तानच्या २८ आणि ३० मे रोजी. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले तेव्हा वरच्या धारांवर दगड रचले जात होते. एप्रिलमध्ये पाच दिवसांत तीन क्षेपणास्त्रांच्या चाचण्या झाल्या : ११ ला भारताचं अग्नी-२, १४ ला पाकिस्तानचं घौरी-२, १५ ला शाहीन. आणि मेच्या पहिल्या आठवड्यात बटालिकच्या बाजूला गुराख्यांना डोंगरावर अनोळखी माणसं दिसली.

डाव तीन गृहीतकांवर उभा होता. एक, इतक्या उंचीवरून बर्फ पडायच्या आत कोणी आपल्याला हटवू शकणार नाही. दोन, दोन अण्वस्त्रधारी देश भांडताहेत म्हटल्यावर जग घाबरून तातडीने युद्धबंदी लादेल, आणि युद्धबंदी होईल तेव्हा आपण वर असू. तीन, अण्वस्त्रं असल्यामुळे भारत लढाई दुसरीकडे पसरवणार नाही. यातलं तिसरं गृहीतक तंतोतंत खरं ठरलं. तरीही डाव फसला, आणि म्हणूनच हे प्रकरण अभ्यासासारखं आहे.

त्याच डोंगरांचा जुना हिशेब

अण्वस्त्रांनी नेमका काय फरक पाडला हे तपासायला सहसा 'असं झालं असतं तर'चा आधार घ्यावा लागतो. इथे तशी गरज नाही. त्याच धारांवर, त्याच दोन देशांमध्ये, अण्वस्त्रं नसताना काय झालं याची नोंद आहे.

मे १९६५ मध्ये कारगिलसमोरच्या पॉइंट १३६२० वरून महामार्गावर गोळीबार व्हायला लागला, तेव्हा भारतीय सैन्याने ते शिखर घेतलं. कच्छच्या रणातल्या चकमकी थांबवणाऱ्या समझोत्यानंतर ते परत केलं. ऑगस्टमध्ये पाकिस्तानने काश्मीरमध्ये हजारो सशस्त्र घुसखोर पाठवले, तेव्हा ते पुन्हा घेतलं. युद्धानंतरच्या ताश्कंद करारामुळे पुन्हा परत. १९७१ मध्ये तिसऱ्यांदा घेतलं आणि त्या वेळी ठेवून घेतलं. सिमला करारानंतर आखलेली ताबारेषा त्यातूनच आली.

१९६५ मधला महत्त्वाचा भाग मात्र डोंगरात घडला नाही. १ सप्टेंबरला पाकिस्तानने अखनूरच्या रोखाने रणगाडे घातले. अखनूरचा पूल गेला असता तर जम्मूच्या पश्चिमेकडे जाणारी वाटच तुटली असती. भारताने उत्तर तिथे दिलं नाही. ६ सप्टेंबरला भारतीय फौजा पंजाबात आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने निघाल्या. वाघ्यापासून लाहोर पंचवीस किलोमीटरच्या आत. अखनूरवरचा दाब आपोआप सैल झाला.

१९९९ मध्ये आगळीक त्याच जातीची होती, किंबहुना थेट लष्कराची होती. भारताचं उत्तर मात्र जिथे घुसखोरी झाली तिथेच, तेवढ्यापुरतंच राहिलं. लाहोरकडे जायचा रस्ता १९६५ मध्ये होता तसाच होता. फरक इतकाच की त्या रस्त्याच्या टोकाला आता वेगळं काहीतरी होतं. पाकिस्तानची महत्त्वाची शहरं, मोठे महामार्ग आणि कालवे सीमेला इतके चिकटून आहेत की पंजाबातलं यशस्वी आक्रमण म्हणजेच पाकिस्तानच्या अस्तित्वावरचा घाला ठरतो. पुढे २००२ च्या सुमारास पाकिस्तानच्या अण्वस्त्र व्यवस्थेचे प्रमुख खालिद किदवई यांनी अण्वस्त्र वापराच्या ज्या मर्यादा सांगितल्या, त्यात मोठा भूभाग गमावणं आणि सैन्याचा मोठा भाग नष्ट होणं या दोन्ही होत्या. म्हणजे १९६५ चं उत्तर जितकं यशस्वी होईल तितकं ते धोक्याचं होणार, अशी गत झाली होती.

अट आकाशात : बत्तीस सेकंद

'रेषा ओलांडू नका' हे नकाशावर सोपं वाटतं. वैमानिकाच्या बाजूने हिशेब करून पाहू.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारं विमान सेकंदाला २५० मीटर कापतं. लक्ष्य रेषेपासून ८ किलोमीटरवर असेल, तर लक्ष्यावरून गेल्यावर बत्तीस सेकंदांत विमान पलीकडे. वळायचं म्हटलं आणि विमानावर तीन 'जी', म्हणजे वजनाच्या तिप्पट, इतका भार घेतला, तर वळणाची त्रिज्या सव्वादोन किलोमीटरच्या आसपास येते. उलट दिशेला तोंड करायला साडेचार किलोमीटर रुंद आकाश हवं. विरळ हवेत इंजिनाचा जोर घटतो, पंखांना उचल कमी मिळते आणि बॉम्ब लादलेले असताना तीन 'जी'चं वळण टिकवणंही जड जातं. म्हणजे रेषेकडे तोंड करून मारा करायला जवळजवळ जागाच नाही. विमानांना बरेचदा रेषेला समांतर, डोंगराच्या धारेलगत यावं लागे. खालच्या संगरमध्ये बसलेल्याला मग विमान कुठून येणार हे आधीच ठाऊक. संगर म्हणजे दगड रचून केलेला आडोसा. वरून पाहिला तर तो आणि बाजूची दगडांची रास यांत फरक करता येत नाही.

सुरुवातीलाच याची किंमत मोजावी लागली. २६ मे रोजी हल्ले सुरू झाले. २७ ला एक मिग-२७ इंजिन बंद पडून कोसळलं आणि त्याच्या वैमानिकाच्या शोधात राहिलेलं मिग-२१ क्षेपणास्त्राने पडलं. २८ ला तोलोलिंगच्या बाजूला एक एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं गेलं, चारही जण गेले. त्यानंतर सशस्त्र हेलिकॉप्टरं या कामातून काढली गेली.

खांद्यावरून डागायच्या स्टिंगरसारख्या क्षेपणास्त्राचा पल्ला उभ्या रेषेत साधारण बारा-साडेबारा हजार फूट. सपाटीवर १५ हजार फुटांवरून उडणारं विमान त्याच्या बाहेर असतं. इथे डागणारा माणूसच १६ हजार फुटांवर बसलेला. म्हणजे सुरक्षित उंची २८-३० हजारांच्या घरात गेली. त्या उंचीवरून साध्या बॉम्बने दगडी आडोसा गाठणं म्हणजे अंधारात खडा मारणं. हवेचा विरोध कमी असल्यामुळे बॉम्ब नेहमीच्या गणितापेक्षा वेगळ्या मार्गाने पडतो, आणि विमानांतले संगणक अशा उंचीवरच्या लक्ष्यांसाठी बनवलेले नव्हते. निशाणा पन्नास मीटरने चुकला तर बॉम्ब दुसऱ्या दरीत.

उत्तर दोन मार्गांनी सापडलं. हातात धरायचे जीपीएस संच विमानांत वापरून ठरल्या बिंदूवर बॉम्ब सोडायला सुरुवात झाली. आणि मिराज-२००० वर लेझरने निशाणा धरणारी यंत्रणा लढाई चालू असतानाच बसवली गेली. १७ जूनला बटालिकमधल्या मुंथो धालोच्या रसद तळावर मिराज विमानांनी हल्ला केला आणि तो तळ उद्ध्वस्त झाला. २४ जूनला टायगर हिलवर लेझरचे बॉम्ब पडले. मुंथो धालोचं महत्त्व वेगळं आहे. पाकिस्तानी तुकड्या इतक्या आत आल्या होत्या की रसद साठवायला त्यांना रेषेच्या अलीकडेच तळ करावा लागला. पलीकडचा तळ भारताला निषिद्ध होता, अलीकडचा नव्हता. जितकं जास्त आत आले, तितके ते अटीच्या संरक्षणाबाहेर आले.

अट जमिनीवर

डोंगरावर बसलेल्या शत्रूला हटवायची शहाणी रीत समोरून चढण्याची नसते. मागून जायचं, रसदीची वाट तोडायची, पाणी आणि दारूगोळा संपेपर्यंत थांबायचं. कारगिलमध्ये अनेक शिखरांच्या मागे ताबारेषा होती. उरला समोरचा उतार, नाहीतर एखादी अरुंद सोंड, जिच्यावरून एका वेळी मोजकीच माणसं चढू शकतात. सपाटीवर हल्लेखोर तिप्पट असावेत असं शिकवतात. डोंगरात हे प्रमाण सहा-नऊ पटीवर जातं, आणि तेवढी माणसं सोंडेवर मावतच नाहीत.

त्यात मेमधली घाई. वर बसलेत ते थोडेसे अतिरेकी आहेत, चार दिवसांत हुसकावू, असा पहिला अंदाज होता. काश्मीर खोऱ्यात दहशतवादविरोधी कामावर असलेल्या पलटणी उचलून द्रासला आणल्या. भारतीय लष्कराच्या रीतीप्रमाणे ९ ते १२ हजार फुटांसाठी सहा दिवस, १२ ते १५ हजारांसाठी चार आणि त्यावर आणखी चार, असे चौदा दिवस शरीराला हवामानाची सवय करून द्यायची असते. घाईत ते दिवस सगळ्यांना मिळाले नाहीत. पुरेसा तोफखानाही पोचलेला नव्हता. तोलोलिंगवर १८ ग्रेनेडियर्स या पलटणीचे जवान मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून झटत राहिले, उपप्रमुख अधिकाऱ्यासह बरेच जण गमावले. शिखर २ राजपुताना रायफल्सनी घेतलं ते १३ जूनच्या पहाटे. एका डोंगरासाठी तीन आठवडे गेले.

मधल्या काळात बदल झाला तो तोफांचा. ८ माउंटन डिव्हिजन द्रासला आली आणि १५५ मिलिमीटरच्या बोफोर्स महामार्गाच्या कडेला मांडल्या गेल्या. बोफोर्स बारा-चौदा सेकंदांत तीन गोळे टाकते आणि तोंड जवळजवळ उभं करू शकते, म्हणून धारेमागे दडलेल्यालाही गाठते. काही ठिकाणी ती रायफलसारखी सरळ, डोळ्यांसमोरच्या आडोशावर रोखली गेली. असं करताना तोफही समोरच्या तोफखान्याला उघडी पडते, तो धोका पत्करला गेला. तोफखान्याचं शिक्षण नाशिकजवळच्या देवळालीत होतं, पण देवळालीच्या माळावर सोळा हजार फुटांची विरळ हवा कुठून आणणार? गोळा तक्त्यात लिहिल्यापेक्षा लांब जातो हे द्रासलाच, गोळे टाकून, पाहून, दुरुस्त करून शिकावं लागलं. पाकिस्तानकडे शत्रूची तोफ कुठून डागतेय हे शोधणारी रडारं होती, भारताकडे नव्हती. ही उणीव फार महागात पडली.

सगळ्या युद्धात मिळून अडीच लाखांहून अधिक गोळे आणि रॉकेटं डागली गेली. तीनशेच्या आसपास तोफा, उखळी तोफा आणि रॉकेट लाँचर, दिवसाला सरासरी पाच हजार गोळे. टायगर हिल पडली त्या दिवशी नऊ हजार.

इथे एक बारकावा आहे. तोफगोळ्याला रेषा ओलांडायची मुभा होती. ताबारेषेवर दोन्हीकडून तोफा डागणं हे नेहमीचंच, त्यामुळे गोळा पलीकडे पडला तरी त्याचा अर्थ 'युद्ध पसरलं' असा होत नव्हता. विमान किंवा सैनिक गेला असता तर झाला असता. स्फोटकं तीच, नुकसानही कमीजास्त तितकंच. दोन्ही बाजूंच्या डोक्यात मर्यादा बसली होती ती नुकसानाची नव्हे, प्रकाराची. अण्वस्त्रांच्या छायेतली लढाई या असल्या न लिहिलेल्या, सवयीने ठरलेल्या खुणांवर चालते.

जिथे रेषेच्या अलीकडे जागा होती तिथे भारतीय पलटणींनी बाजूने, मागून चढायची संधी सोडली नाही. टायगर हिलवर १८ ग्रेनेडियर्सच्या 'घातक' नावाच्या निवडक तुकडीने जवळजवळ उभा कडा दोराने चढून शिखर गाठलं आणि ८ शीखने पश्चिमेची धार पकडून रसदीची वाट तोडली. एरवी सगळीकडे हेच करता आलं असतं. भारताचे ५२७ जण गेले आणि तेराशेहून अधिक जखमी झाले, त्यातला मोठा हिस्सा समोरच्या चढाईचा आहे. अटीची किंमत म्हणतात ती ही.

पलीकडच्यालाही तीच अट

आता पाकिस्तानच्या बाजूने पाहू. बहुतेक चर्चांमध्ये हा भाग चटकन उरकला जातो, आणि माझ्या मते निकाल इथेच लागला.

पाकिस्तानने पहिल्या दिवसापासून सांगितलं की वर आहेत ते काश्मिरी मुजाहिदीन, आमचे सैनिक नाहीत. हा बनाव नुसत्या प्रचारासाठी नव्हता. अण्वस्त्रधारी शेजाऱ्याच्या ताब्यातली जमीन आपल्या सैन्याने उघडपणे बळकावली असं कबूल केलं असतं, तर १९६५ सारख्या उत्तराला निमंत्रण दिल्यासारखं झालं असतं. बनाव हे त्यांचं चिलखत होतं.

पण चिलखत घातलं की पळता येत नाही. जे आपले नाहीतच, त्यांच्या मदतीला हवाई दल कसं पाठवणार? पाकिस्तानची एफ-१६ विमानं आपल्या हद्दीत घिरट्या घालत राहिली, लढाईत उतरली नाहीत. वरच्या ठाण्यांना नवी माणसं देणं, जखमी उघडपणे हलवणं, रसद वाढवणं, सगळंच चोरून. मृतदेह स्वीकारायलाही नकार दिला गेला, त्यातल्या अनेकांना भारतीय जवानांनी दफन केलं. पुढे २०१० मध्ये पाकिस्तानी लष्कराच्या संकेतस्थळावर ४५३ जणांची नावं आली.

म्हणजे अण्वस्त्रांनी दोघांवरही बंधन घातलं होतं, पण ते सारखं बोचत नव्हतं. भारताला फक्त आपलंच परत घ्यायचं होतं आणि ते रेषेच्या आत राहून, रक्त सांडून का होईना, शक्य होतं. पाकिस्तानला जे घेतलं ते टिकवायचं होतं, आणि टिकवायला लढाई वाढवावी लागली असती. वाढवता येत नव्हती. लढाई वाढवायची नाही अशा अटीत आधी आत शिरलेला अडकतो, कारण पुढची पायरी त्याला चढायची असते.

भारताने वाढवायची तयारी दाखवली नाही असं नाही. नौदलाचा पूर्वेकडचा ताफा अरबी समुद्रात आणला गेला, पश्चिम सीमेवर फौजांच्या हालचाली झाल्या, आणि संयमाला मर्यादा आहे हा निरोप वॉशिंग्टनपर्यंत पोचवला गेला. तेव्हाचे भारताचे लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक पुढेही सांगत आले की रेषा ओलांडण्याचा पर्याय कायमचा पुसलेला नव्हता. ओलांडू शकतो आणि तरी ओलांडत नाही, ही स्थिती नुसत्या न ओलांडण्यापेक्षा वेगळी असते.

धमकी कोणाला होती

३१ मे रोजी पाकिस्तानचे परराष्ट्र सचिव शमशाद अहमद यांनी सांगितलं की आपल्या प्रादेशिक अखंडतेसाठी शस्त्रागारातलं कोणतंही शस्त्र वापरायला आम्ही कचरणार नाही. तोवर भारतीय हवाई हल्ल्यांना पाच दिवस झाले होते. हे बोल दिल्लीला उद्देशून होते तितकेच, किंबहुना जास्त, वॉशिंग्टनला. दुसऱ्या गृहीतकाची कळ दाबली गेली होती : घाबरा, या, आणि आहे तिथे थांबवा.

जग घाबरलं, आलंही. पण थांबवायला आलं नाही, परतवायला आलं. २० जूनला कलोनमध्ये जी-८ देशांनी ताबारेषेचा मान राखावा असं सांगितलं. अमेरिकी जनरल अँथनी झिनी जूनच्या अखेरीस इस्लामाबादला जाऊन माघार घ्या असं सांगून आले. चीननेही पाठीशी उभं राहायचं टाळलं. अण्वस्त्रांच्या आडून सीमा बळाने बदलता येते असा पायंडा एकदा पडला की तो फक्त काश्मीरपुरता राहणार नाही, हे सगळ्या मोठ्या देशांना कळत होतं.

भारताच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. मुशर्रफ बीजिंगमध्ये असताना मेच्या अखेरीस त्यांचं आणि अझीझ खान यांचं फोनवर झालेलं बोलणं भारताच्या गुप्तचरांनी टिपलं होतं. ते ११ जूनला, पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री सरताज अझीझ दिल्लीत येण्याच्या आदल्या दिवशी, जाहीर केलं गेलं. बनाव तिथेच फाटला. दुसरी गोष्ट म्हणजे तीच अट. भारत रेषेच्या अलीकडेच लढतोय हे रोज दिसत असल्यामुळे रेषा कोणी ओलांडली हा प्रश्न वादाचा उरला नाही. भारताची विमानं पलीकडे गेली असती, तर 'दोघांनीही संयम पाळावा' असं गुळमुळीत पत्रक निघालं असतं, आणि पाकिस्तानला हवी होती ती आहे-तिथे-थांबा युद्धबंदी पदरात पडली असती.

४ जुलैला नवाझ शरीफ वॉशिंग्टनला पोचले. त्याच दिवशी टायगर हिल पडल्याची बातमी होती. अमेरिकी सरकारच्या ब्लेअर हाउस या अतिथिगृहातल्या त्यांच्या बैठकीत हजर असलेले बिल क्लिंटन यांचे सल्लागार ब्रूस रीडेल यांनी पुढे लिहिलं की क्लिंटन यांनी शरीफ यांना विचारलं : तुमचं लष्कर अण्वस्त्रं लावलेली क्षेपणास्त्रं तयार करतंय, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मुशर्रफ यांनी हे साफ नाकारलं. त्या वेळी आमची क्षमता वापरण्याजोगी तयारच नव्हती, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही विधानं शेजारी ठेवली तर एक गोष्ट उरते. तयारी खरी होती की नव्हती, अमेरिकेने ती खरी मानूनच दाब टाकला, आणि तो शरीफ यांच्यावर टाकला. संयुक्त निवेदनात सिमला करारानुसार ताबारेषा पूर्ववत करण्यासाठी ठोस पावलं उचलली जातील असं लिहिलं गेलं. ११ जुलैपासून माघार सुरू झाली. मुश्कोहमधल्या शेवटच्या काही चौक्यांसाठी जुलैच्या अखेरीपर्यंत लढावं लागलं. २६ जुलैला मोहीम संपल्याचं जाहीर झालं.

अण्वस्त्रांमुळेच का?

सगळं श्रेय अण्वस्त्रांना देणं हा आळस होईल. दिल्लीच्या संयमाला इतरही कारणं होती आणि ती किरकोळ नव्हती.

वाजपेयींचं सरकार १७ एप्रिलला एका मताने पडलं होतं. युद्ध चालवत होतं ते काळजीवाहू सरकार, आणि निवडणुका तोंडावर होत्या. चाचण्यांनंतरचे निर्बंध होते. सैन्याकडे दारूगोळ्याची आणि साहित्याची चणचण होती. जे आहे त्यानिशी लढू, हे मलिक यांचं तेव्हाचं वाक्य अजून लोकांच्या लक्षात आहे. लाहोरच्या बसनंतर जगाची सहानुभूती भारताकडे होती आणि ती गमवायची नव्हती.

पण या कारणांची परीक्षा १९६५ समोर ठेवून घ्यावी. तेव्हाही सैन्य १९६२ च्या पराभवातून सावरतच होतं, पैशांची ओढाताण होती, जगाचा दाब होता आणि पंतप्रधान नवखे होते. तरी सहा दिवसांत दुसरी आघाडी उघडली. बाकी कारणं दोन्ही वेळा कमीजास्त हजर, नवी होती ती एकच. म्हणून माझं मत असं की अण्वस्त्रांनी संयम जन्माला घातला नाही, पण त्याला पर्याय जवळजवळ उरू दिला नाही. जूनच्या सुरुवातीला तोलोलिंग पडत नव्हतं, दिल्लीवर घरच्यांचा दाब वाढत होता. अण्वस्त्रं नसती तर संयम त्याच आठवड्यांत सुटला असता. आणि तोलोलिंग आणखी महिनाभर अडलं असतं, सप्टेंबरचा बर्फ जवळ आला असता, तर हीच अट टिकली असती का, हे सांगणं अवघड आहे. लष्कराच्या यशाने अट वाचवली हेही तितकंच खरं.

युद्ध रोखण्याच्या बाबतीत मात्र चाचण्या साफ अपयशी ठरल्या. दोघांकडेही बॉम्ब आल्यावर मोठं युद्ध अशक्य होतं, आणि त्याच भरवशावर लहान युद्ध सोपं वाटू लागतं, असा एक जुना सिद्धांत आहे. रावळपिंडीत, म्हणजे पाकिस्तानी लष्कराच्या मुख्यालयात, तो अक्षरशः खरा मानून चौघांनी वागून दाखवलं.

पुढे रेषा कुठे सरकली

जानेवारी २००० मध्ये संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी अण्वस्त्रांच्या छायेतही मर्यादित युद्धाला जागा आहे असं मांडलं. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००१-०२ मध्ये सीमेवर सैन्य आणून महिनोन्महिने उभं केलं गेलं, लढाई झाली नाही. मग झटपट, उथळ चढाईची कल्पना आली, आणि तिला उत्तर म्हणून पाकिस्तानने २०११ मध्ये ६० किलोमीटर पल्ल्याच्या नस्र या छोट्या क्षेपणास्त्राची चाचणी केली. २०१६ मध्ये लष्कराच्या विशेष तुकड्या ताबारेषा ओलांडून आल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये विमानांनी ताबारेषा ओलांडून बालाकोटवर मारा केला, म्हणजे १९९९ मध्ये ठाम मनाई होती नेमकं तेच झालं. मे २०२५ मध्ये बहावलपूर आणि मुरीदके, म्हणजे पाकिस्तानी पंजाबच, आणि नंतर हवाई तळही लक्ष्य झाले. चार दिवसांत, १० मे रोजी, गोळीबार थांबला. पाकिस्तानने यातून घेतलेला धडा असा की अण्वस्त्रांची ढाल आपल्या सैनिकांना पुरत नाही, पण ज्यांना आपलं म्हणायचं नाही अशांना बराच काळ पुरते. भारताने घेतलेला धडा असा की ती ढाल नेमकी कुठे संपते हे दर वेळी थोडं पुढे जाऊन चाचपता येतं.

डोंगरावरची वहिवाट मात्र तेव्हाच मोडली. १ सप्टेंबर १९९९ रोजी लेहमध्ये १४ वी कोअर उभी राहिली, खोऱ्यातून आलेली ८ माउंटन डिव्हिजन कायमची द्रास-कारगिलकडेच राहिली. पूर्वी हिवाळ्यात रिकाम्या होणाऱ्या महत्त्वाच्या चौक्यांवर आता बारा महिने माणसं असतात. जोजिला खिंड बर्फाने बंद होण्याआधी रॉकेल, शिधा, औषधं आणि तोफगोळे आत पोचवावे लागतात, आणि तिथून वर ते खेचरांच्या किंवा माणसांच्या पाठीवर जातात.